जवसाच्या फुलाचा निळा

आमच्या बैठकीच्या खोलीत पाऊल टाकणारा माणूस आधी थबकतो, मग बसतो आणि चहा येईपर्यंत भिंतीकडे बघायचं टाळतो. भिंत निळी आहे. निळी म्हणजे कशी, तर शेतात पाणी भरून ठेवायला प्लास्टिकचा ड्रम असतो ना, तशी. चारही भिंती तशाच. लोकांना वाटतं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. फिरलं नाही बाबा, सगळं जागेवर आहे. हा रंग आम्ही नवरा-बायकोनं मिळून निवडला, आणि लग्नानंतर कोणत्याही गोष्टीवर आमचं एकमत झालं ती पहिलीच वेळ होती.

माझी नोकरी सरकारी कारकुनाची, म्हणजे बदली पाचवीला पुजलेली. मेहकर झालं, जळगाव जामोद झालं, चिखली झालं, पुन्हा मेहकर. जिथं गेलो तिथं दोन खोल्या भाड्यानं, आणि घरमालक बदलला तरी नियम तेच. भिंतीत खिळा ठोकायचा नाही, भिंतीला रंग लावायचा नाही. चुना मालक मारून देईल, त्याच्या मर्जीनं, जमलं तर दिवाळीला. बायकोचा पांढऱ्या भिंतीवर असा राग, की विचारू नका. "दवाखान्यात भरती झाल्यावानी वाटते," म्हणायची.

तिचं माहेर सातपुड्याच्या पायथ्याचं. तिच्या लहानपणी तिकडे गव्हाच्या कडेकडेनं जवस पेरायचे. जवसाला थंडीत निळी फुलं येतात, अगदी फिकी, आणि ती सकाळीच पाहावी लागतात; दुपारपर्यंत पाकळ्या गळून जातात. ही मुलगी शाळेत जायच्या आधी बांधावर जाऊन उभी राहायची, आणि त्यापायी आईचा मार खायची. स्वतःचं घर झालं की एक खोली तरी त्या निळ्या रंगाची करायची, एवढं एकच मागणं तिनं माझ्याकडे मागितलं. दागिना मागितला असता तर मी एखाद्या वर्षी दिलाही असता. घर कुठून आणू?

पण बाई कोणाची ऐकते! जळगाव जामोदला असताना गणपतीच्या मांडवातल्या लाईटवाल्याकडून तिनं निळा जिलेटिन कागद मागून आणला. जुन्या चाळणीची जाळी फाटली होती, तिची गोल कडी काढली, कागद त्या कडीला शिवला आणि बल्बच्या भोवती, बल्बला चिकटणार नाही असा टांगला. संध्याकाळी बटन दाबलं आणि चारही भिंती निळ्या! मी दारातच उभा राहिलो. ताटातल्या पोळ्या निळ्या, आमची लहानगी पोर निळी, मी निळा. "मी मेल्यावर असाच दिसीन का वं?" मी म्हटलं. तिनं लाटणं उगारलं. "दिवेलागणीले असं अभद्र बोलता? जेवा गुमान."

कोणीतरी मालकाच्या कानावर घातलं, की भाडेकरूनं खोली रंगवली. मालक तणतणत आला. "रंग कोनाले विचारून मारला?" बायकोनं शांतपणे बटन बंद केलं, दार सताड उघडलं आणि म्हणाली, "पाहा ना भाऊ, कुठं हाय रंग?" बाहेरच्या उजेडात भिंत पांढरी फटक. मालक भिंतीला हात लावून पाहतो, बोट पाहतो, परत हात लावतो. तो गेल्यावर आम्ही दोघं पोट धरून हसलो. ती म्हणाली, "रंग लावायची मनाई हाय, उजेडाले कोन मनाई करते?" तेव्हापासून जिथं बदली झाली तिथं ती कडी आमच्यासोबत गेली. कागद उष्णतेनं विटायचा, कडेनं जळायचा, ती नवा शिवायची.

घर झालं ते रिटायर झाल्यावर, चिखलीला. लहानसंच, पण आपलं. तोवर आम्हा दोघांच्याही डोळ्यांत मोतीबिंदू आला होता. तिचा दोन्ही डोळ्यांत. माझा डावा डोळा तर लहानपणीच गोफणीचा खडा लागून गेलेला, कामाचा उजवा एकच, त्यातही पडदा. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन कधीही करा. पण आमच्याकडे मोतीबिंदूचं ऑपरेशन थंडीतच करतात. उन्हाळ्यात जखम पिकते, पावसाळ्यात ओल धरते, हे डॉक्टरला कळत नाही, अख्ख्या गल्लीला कळतं! तेव्हा ठरलं, की दिवाळीआधी रंग, दिवाळीत वास्तू आणि थंडी पडली की डोळे. सगळा घोळ इथं झाला. पण तेव्हा कोणाच्या ध्यानीमनी होतं?

पेंटर रंगांचं कार्ड घेऊन आला. बायको ते कार्ड मांडीवर घेऊन खिडकीत बसली. फिका निळा पाहिला, "हा तर राखेवानी हाय." मी पाहिला. खरंच राखेसारखा. त्याच्या खालचा पाहिला, तो मळकट. त्याच्या खालचा, तो धुतलेल्या धोतरासारखा. ताडून पाहायला जवसाचं फूल आणावं म्हटलं, तर आता जवस पेरतो कोण? पावसाळ्यात सोयाबीन, थंडीत हरभरा. असं खाली खाली जात आम्ही कार्डाच्या तळाशी पोचलो, आणि दोघांचंही बोट एकाच चौकोनावर पडलं. पेंटर तोंडाचा फटकळ. "काकू, हा निळा बैठकीत? हा आमी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीले मारतो."

"तू डब्बा उघड. शिकवू नको."

त्यानं भिंतीवर हातभर पट्टा मारून दाखवला. काय सांगू! थंडीतल्या सकाळसारखा निळा. बायको भिंतीपाशी गेली, ओल्या रंगाच्या अगदी जवळ तोंड नेलं आणि म्हणाली, "हाच. हाच तो." पेंटरनं ब्रश पुन्हा डब्यात बुडवला. मी त्या भिंतींच्या वरच्या कडेला पिवळे एलईडी दिवे लावून घेतले, उजेड वरून खाली भिंतीवर उतरेल असे. कडीला आता काम उरलं नाही. तिनं ती पुसून माळ्यावर ठेवली.

वास्तूला माणसं आली. "छान आहे," म्हणाली. "वेगळं आहे," म्हणाली. आमची मुलगी नागपूरला असते, ती दारातच म्हणाली, "बाबा, लयच बोल्ड केलं तुम्ही." आम्ही ती तारीफ समजलो. अहो, आमची छाती फुगली होती! रोज दिवेलागणीला आम्ही दोघं त्या खोलीत बसायचो, टीव्हीसुद्धा लावायचो नाही.

थंडी पडली आणि तिच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. काही दिवस काळा चष्मा. तो उतरला त्या सकाळी मी अंगणात होतो. आतून आवाज आला, "अवो! आधी इकडं या!" धावत गेलो. ती खोलीच्या मधोमध उभी.

"भिंतीले काय केलं तुमी?"

"म्या काय करणार?"

"हा रंग कोनी मारला? हा तर ड्रम हाय, पाण्याचा ड्रम!"

मी पाहिलं. मला तर जवसच दिसत होता. "तुले ऑपरेशननं भलतंच दिसून राह्यलं," मी म्हटलं. झालं, भांडण जुंपलं. ती म्हणे पेंटरनं फसवलं, मी म्हणे डॉक्टरनं बिघडवलं. भांडता भांडता तिनं डोळा चोळायला हात नेला, ऑपरेशनचा डोळा झाकला गेला, आणि ती बोलता बोलता थांबली. हात काढला. परत झाकला. परत काढला. मग दिवाणावर बसली. "या डोळ्यानं ड्रम," म्हणाली, "अन् या डोळ्यानं जवस."

डॉक्टरांनी नंतर समजावून सांगितलं. मोतीबिंदूचा पडदा पिवळसर असतो, निळा रंग त्यात आधी मरतो. म्हणून आम्हाला फिके निळे राखेसारखे दिसले, आणि ट्रॉलीचा निळा फुलासारखा. वरून मी शहाण्यानं पिवळे दिवे लावलेले. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, असं म्हणतात. ते मी आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवत आलो, ते आमच्याच घरात येऊन बसलं. डोळे चांगले होते तेव्हा भिंती मालकाच्या. आपल्या झाल्या तेव्हा डोळे आपले राहिले नव्हते. मला लय वाईट वाटलं, आजही वाटतं. पाच-सात वर्षं आधी घर झालं असतं, तर तिनं स्वच्छ डोळ्यांनी आपला रंग निवडला असता. दुसरं काही नको होतं तिला.

तिचा डावा डोळा राहिला होता. त्याचं ऑपरेशन ती ढकलत राहिली. आज एकादशी, उद्या पाहुणे, परवा सर्दी. येता-जाता उजव्या डोळ्यावर हात धरायची आणि भिंत पाहायची. एक दिवस चहा कपाबाहेर, स्वतःच्या हातावर ओतून घेतला. मुलगी नागपूरहून आली आणि म्हणाली, "आता बास." निघायच्या दिवशी सकाळी बायको आवरून बैठकीत बसली, उजव्या डोळ्यावर तळहात घट्ट धरून. बाहेर जीपवाला हॉर्न वाजवतोय, पोरगी हाका मारतेय, ही जागची हलेना. "थांब वं," म्हणाली, "दुपार व्हायची हाय अजून." पोरीला काही कळलं नाही. मला कळलं, मी बॅग उचलून उगाच दाराबाहेर गेलो.

त्यानंतर तिला सगळा ड्रमच. पेंटर आला, म्हणाला, "काकू, फिका मारून देतो, जसा पाह्यजे तसा." मुलीचंही तेच. वाटलं, ही लगेच हो म्हणणार. तर ती अंगावर धावून गेली. "खबरदार कोनी भिंतीले हात लावला तर!" तिनं माझ्याकडे बोट केलं. "यायले अजून जवस दिसते. दिसते तोवर राहू द्या." मी म्हटलं, अगं, आता तुझे डोळे चांगले झाले, आता निवड ना खरा रंग. म्हणाली, "तो मी एकटीनं निवडलेला होईन. हा दोघायनं निवडला."

माझं ऑपरेशन त्या थंडीत राहून गेलं. उन्हं तापली, मग पाऊस. वर्षभर आमचा एक नेम झाला. दिवेलागण झाली की ती पिवळे दिवे लावायची, माझ्या बाजूला बसायची आणि विचारायची, "आज कसा दिसते?" मी सांगायचो. आज जरा उजळ हाय. आज फुलं दाट हायेत. ती ऐकायची. मधेच म्हणायची, "बांधाकडच्या अंगाले पाहा, तिकडं विरळ असते." मी पाहून सांगायचो, हाव, विरळ हाय.

या थंडीत मात्र सुटका नाही. डॉक्टर म्हणाले, आता पूर्ण पिकला, आणखी थांबलात तर आहे तोही डोळा जाईल. उद्या बुलढाण्याला जायचं आहे. पेंटरनं पांढऱ्या रंगाचे डबे आणून दाराआड ठेवलेत. रंग कोणता, असं त्यानं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "पांढराच मार. सवय हाय आमाले." तिच्या तोंडून हे ऐकावं लागेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

आज संध्याकाळी तिनं दिवे लावले आणि नेहमीसारखी बाजूला येऊन बसली. "नीट पाह्यून घ्या," म्हणाली. "उद्यापासून या घरात जवस कोनाले दिसणार नाई."

मी भिंतीकडे तोंड केलं. खरं सांगायचं तर गणपती उठले तेव्हापासूनच मला ती भिंत मातकट दिसते आहे. निळं त्यात काही उरलेलं नाही. आणि फुललेला जवस तर मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही. ती थंडीत माहेरी जायची तेव्हा मी ऑफिसात फायली बांधत असायचो. इतके महिने मी तिचंच बोलणं तिला परत सांगत होतो.

"दिसते का?" तिनं विचारलं.

"हाव. दिसते ना."

"वारा हाय?"

"थोडा हाय. हलून राह्यली फुलं."

तिनं चष्मा काढून मांडीवर ठेवला. ते नवे, स्वच्छ डोळे तिनं मिटून घेतले आणि म्हणाली, "सांगत राहा."