उंबरवाडीच्या हुकाचं माप

शाहूपुरीत पिराजी सुताराचं वर्कशॉप शोधायचं असेल तर पिराजी म्हणून विचारू नका, तीन निराळ्या गल्ल्या दाखवतील. टोचनवाला मिस्त्री म्हणा, चहाच्या गाड्यावरचा माणूस हातातला कप खाली न ठेवता हनुवटीनं वाट दाखवेल. एका गाडीनं दुसरी ओढायची म्हणजे टोचन, आणि ते टोचन ज्याला अडकवायचं तो हुक पिराजी अडतीस वर्षं बनवत आलाय. उसाच्या ट्रॉल्यांना, पाण्याच्या टँकरना, मंडपवाल्यांच्या जनरेटरना. इतक्या वर्षांत त्याचा एकही हुक परत आला नव्हता. ही गोष्ट तो स्वतः कधी सांगायचा नाही, पण दुसऱ्या कुणी सांगायला घेतली की त्याला थांबवायचाही नाही.

त्याचा बाप बैलगाड्या करायचा. पिराजी वजनाचं सगळं शास्त्र शिकला ते बापाच्या शिव्या खात. गाडीत माल मागं जास्त झाला की पुढची धुरा वर उचलते आणि बैलांचे गळे आवळतात; ती गाडी उलाळ झाली म्हणायची. माल पुढं जास्त झाला की सगळा भार बैलांच्या मानेवर. ती धुरेला जड. बाप गेला, बैल गेले, इंजिनं आली. पिराजीचं म्हणणं एवढंच की वजनाला यातलं काही कळवलेलं नाही, ते आपलं पूर्वीसारखंच वागतंय.

म्हणून तो रिकाम्या गाडीचं माप घ्यायचा नाही. गिऱ्हाइकानं ट्रॉली भरून आणायची, गाडीत रोज जेवढं असतं तेवढं ठेवायचं, मग मिस्त्री टेप काढणार. कुणी म्हणालं, मिस्त्री अंदाजानं लावा की, तर पाना त्याच्याच हातात द्यायचा. अंदाज तुझा, मग हातबी तुझाच, म्हणायचा. घाई करणाऱ्याला गुडघ्याला बाशिंग बांधलंय म्हणून सगळ्यांदेखत सुनवायचा. तोंडानं असा फटकळ, त्यामुळं लोक कामापुरते यायचे आणि काम झालं की जायचे. त्याची बायको अंबूबाई होती तोवर ती त्याला पुरून उरायची. दुनियेच्या गाड्यांना हुक लावतोयस, मला एका गाडीत बसवून जोतिबाला नेलंस का कधी, हे तिचं ठरलेलं बोलणं. न्हेतो की, हे त्याचं ठरलेलं उत्तर. चार वर्षांपूर्वी ती गेली. लेक संयोगिता पुण्याला. सोमवारी वर्कशॉप बंद असतं, आणि तो एक दिवस पिराजीला खायला उठायचा.

श्रावण सरता सरता धैर्यशील नावाचा गडी जीप घेऊन आला. मलकापूरच्या वर डोंगरात उंबरवाडी आहे, तिथला. अकरा घरं, घरटी दोन-चार म्हशी. पावसाळ्यात दगडाच्या वाटेवरून टेम्पो वर चढत नाही, आणि खालच्या दूध संस्थेचा नियम असा की सकाळी सातच्या आत दूध आलं तर घेऊ, नाहीतर परत न्या. इतके दिवस बाया-माणसं डोक्यावरून किटल्या वाहत होती. धैर्यशीलनं जुनी फोर बाय फोर जीप घेतली, स्प्रिंगा बदलून चार बोटं उचलली, मोठी टायरं टाकली आणि आठ कॅन बसतील एवढी छोटी ट्रॉली करून घेतली. आता राहिला होता हुक.

तो म्हणाला, मिस्त्रीमामा, जितका वर बसंल तितका बसवा, आमच्या ओढ्यात दगडं लई हायत. पिराजीनं त्याला बाकड्यावर बसवून समजावलं. हुक वर घेतला तर ट्रॉलीचं नाक आभाळात जाणार, दूध मागं सरणार, ट्रॉली उलाळ होणार. मग उतारावर जीपचं बूड उचलणार आणि ट्रॉली शेपटासारखी इकडून तिकडं हलणार. फार खाली घेतला तर हुक दगडावर आपटणार. भरलेली ट्रॉली सपाट उभी राहील, फार तर नाक बोटभर खाली, ती खरी उंची. या ट्रॉलीची ती अठरा इंच भरत होती. जीपची चासी मात्र पार सव्वीसवर. म्हणजे जाड पट्टी खाली उतरवून तिच्यावर हुक घ्यायला हवा.

आठही कॅन नळाच्या पाण्यानं भरले. धैर्यशील स्टेअरिंगला बसला. शेजारी किटल्या उतरवायला एक माणूस असतो म्हणाला, म्हणून तिथं सिमेंटचं पोतं ठेवलं. मग पिराजीनं नेहमीचा प्रश्न विचारला, अजून काय असतंय गाडीत? धैर्यशील म्हणाला, काय न्हाय. पिराजीनं हुक लावला, ट्रॉलीच्या दांडीवर पाणसळ ठेवली, बुडबुडा बरोबर मधे आला. त्यानं ते धैर्यशीललाही वाकून बघायला लावलं.

पाचव्या दिवशी फोन आला. दूध खाली नेताना ओढ्यात हुक दगडावर आपटला होता, पट्टी वाकली होती, दोन कॅन लवंडून दूध ओढ्याला गेलं होतं. धैर्यशील भांडला नाही. उलट म्हणाला, तुमची चूक न्हाय मामा, आमची वाटच तसली हाय. त्यानं चार शिव्या घातल्या असत्या तर पिराजीला बरं वाटलं असतं. फोन ठेवल्यावर त्यानं ऐरणीपाशी बसून खडूनं सगळी मापं पुन्हा मांडून बघितली. अडतीस वर्षांत पहिला हुक परत आला होता, आणि चूक कुठं झाली ते त्याला सापडत नव्हतं. त्याला लाज वाटली. तिकडं अकरा घरांचं दूध पुन्हा डोक्यावरून निघालं, आणि तीन दिवसांत दोनदा उशीर झाला म्हणून माघारी गेलं.

रविवारी दुपारी त्यानं पिशवीत टेप, पाणसळ, खडू आणि नव्या पट्टीचं लोखंड भरलं आणि मलकापूरची एसटी धरली. मुक्काम धैर्यशीलच्या घरी केला. धैर्यशीलची आई चिमणाबाई. तिनं पाव्हण्याला वाढलं पोटभर, पण हुकाचं नाव काढलं नाही, आणि तेही पिराजीला लागलं.

सकाळी वाकलेली पट्टी ठोकून सरळ केली, कॅन भरले, धैर्यशील आणि किटल्या उतरवणारा ज्ञानू पुढं बसले. पिराजीनं माप घेतलं. अठरा इंच. पाणसळीचा बुडबुडा मधे. सगळं बरोबर. तो चक्रावून गेला. तुम्ही चला, मी मागनं चालत बघतो, म्हणाला.

जीप दहा पावलं गेली आणि थांबली. चिमणाबाई मागं चढली, तिला मलकापूरला बाजार होता. पुढच्या घरापाशी पुन्हा थांबली. एक म्हातारा दवाखान्याला निघाला होता, त्याच्याबरोबर त्याची म्हातारी. उंबराखाली आणखी दोघी, एकीच्या पाटीत चार कोंबड्या. खालच्या शाळेचे गुरुजी वाडीतच राहायचे, ते. कुणी हात केला नाही, कुणी विचारलं नाही. वाटेत माणूस दिसला की जीप थांबायची आणि तो चढायचा. मागून चालणारा पिराजी बघत होता, दर थांब्याला त्याचा हुक थोडा थोडा खाली बसत होता. ओढ्याच्या अलीकडं त्यानं हाळी देऊन जीप थांबवली, वाकून टेप लावला. चौदा इंच.

त्याचं डोकंच फिरलं. पुढं जाऊन त्यानं धैर्यशीलला फैलावर घेतलं, "अजून काय असतंय विचारलं तवा काय न्हाय म्हणालास की!"

धैर्यशील गोंधळला. "सामान काय न्हाय म्हटलो मामा. ही तर माणसं हायत."

मागून चिमणाबाई म्हणाली, "वाटंत माणूस हुबा असल्यावर गाडी पुढं न्यायची व्हय, पावणं?"

पिराजीनं टेप गुंडाळला. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण त्यानं आजवर शेकडो गिऱ्हाइकांना ऐकवली होती. आज ती घरी आली. पाण्याचे कॅन मोजले, सिमेंटचं पोतं मोजलं, आणि उंबरवाडीची माणसं तेवढी मोजायची राहिली.

चालू शकणारे त्या दिवशी ओढ्यात उतरले, जीप अलगद पार झाली, आणि पलीकडं सपाट जागा आली तिथं सगळे पुन्हा चढले. कुणी हलू नका म्हणून पिराजीनं दम भरला आणि टेप काढला.

चिमणाबाईनं विचारलं, "तुम्ही कशात येनार?"

"मी येतो की चालत."

"म्हंजे माप चुकलं," ती म्हणाली. "बसा."

बसलो तर माप कोण घेणार, असं तो म्हणाला. तिनं त्याच्या हातातला खडू काढून घेतला, म्हाताऱ्याची काठी मागितली. ती अगदी मागच्या कडेला बसली होती. तिथनंच वाकून तिनं काठी हुकाजवळ जमिनीला टेकवली आणि खडू हातात धरून वाट बघत राहिली. पिराजीनं एक पाय वर टाकला, गुरुजी सरकले, आणि तो कोंबड्यांच्या पाटीशेजारी अंग चोरून बसला. आपण हुक लावलेल्या गाडीत तो आयुष्यात पहिल्यांदा बसला होता. त्याला अंबूबाईची आठवण आली, आणि डोळ्यांत पाणी आलं ते त्यानं पुसलंही नाही. चिमणाबाईनं काठीवर हुकाच्या उंचीला रेघ मारली आणि काठी त्याच्या मांडीवर ठेवली. त्यानं रेघेपर्यंत टेप धरला. साडेतेरा.

दूध सातच्या आत संस्थेत पोचलं. मलकापुरात एका गॅरेजवाल्याचं वेल्डिंगचं मशीन मागून घेऊन पिराजीनं नवी पट्टी केली आणि हुक बसवायला तिला दोन भोकं पाडली. वरचं साडेचार इंच उंच, भरल्या गाडीसाठी. खालचं पूर्वीचंच, एकट्यासाठी. धैर्यशीलला नीट बजावलं, गाडीत तू आणि ज्ञानूच असलात तर पिन काढून हुक खाली घ्यायचा, न्हायतर ट्रॉली उलाळ हुईल.

"आन ह्ये गेल्यावर वो?" चिमणाबाईनं पिराजीकडं बोट करून विचारलं. "ह्येंचं वजन धरून माप घेतलंय की. ह्ये नसलं की हुक अर्धा इंच वर ऱ्हानार. मग ट्रॉली उलाळली तर कुनाला धरायचं?"

अर्ध्या इंचानं काही होत नाही, हे पिराजीला माहीत होतं. अडतीस वर्षांत त्यानं ते कितीतरी जणांना सांगितलं होतं. पण त्या वेळी तो एवढंच म्हणाला, येतो की.

याला वर्ष होत आलं. हुक परत आलेला नाही. खालच्या भोकाला गंज धरलाय, वरचं घासून चकाकतंय. आणि दर पंधरवड्याला रविवारी दुपारी पिराजी एसटी धरतो, सोमवारी सकाळी उंबराखाली उभा राहतो. जीप थांबते, गुरुजी सरकतात, तो चढतो. शाहूपुरीत कुणी विचारलं, कुठं निघाला मिस्त्री, की सांगतो, हुकाचं माप पुरं करायला.