शेंदूर न लागलेली जागा

बाबा देवासच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होते. निवृत्त झाले, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तरी हाताची ऐट गेली नव्हती. कॉलनीत कुणी इंजिन उघडलं की हाक यायची आणि ते हातातला चहा टाकून उठायचे.

माझ्याकडे एक जुनी टू-स्ट्रोक मोटारसायकल होती. मागे बाबांना बसवून ती मांडूच्या घाटात तिसऱ्या गिअरवर चढवायची, हे माझं वेड. त्यासाठी घरीच, मागच्या अंगणात, इंजिनाचे पोर्ट मोठे करायला घेतले. पोर्ट म्हणजे पेट्रोल-तेलाचं मिश्रण सिलिंडरमध्ये जाण्याच्या वाटा. बाबांची अट एकच होती, "वाट हवी तेवढी रुंद कर, पण पॅकिंग बसतं ती काठाची पट्टी सोड. ती गेली की तेल बाहेर आणि हवा आत."

तपासायची त्यांची रीत देवघरातून आलेली. मारुतीचा शेंदूर तेलात कालवून सिलिंडरच्या बुडाला पातळ लावायचा आणि सिलिंडर ज्यावर बसतो त्या इंजिनाच्या खालच्या चेंबरवर तो दाबायचा. उमटला तिथे टेकतं, कोरं राहिलं तिथून गळणार. आई चिडायची, "देवाला बोटभर आणि लोखंडाला वाटीभर!"

अति शहाणा त्याचा बैल रिकामा. मी दोन दिवस कानस चालवली आणि चेंबरच्या एका कोपऱ्यात पट्टीच खाल्ली. शेंदूर दाबून पाहिला तर तिथे नखाएवढी जागा कोरी. दुसरं चेंबर शोधायला इंदूरला जावं लागलं असतं, आणि बाबांपुढे चूक कबूल करावी लागली असती. इंदूर त्यामानाने जवळ होतं.

"लागला का रे शेंदूर पूर्ण? मला तर सगळं लालच दिसतंय."

"लागला, बाबा."

तिथे सीलंट भरलं आणि बोल्ट आवळले.

आठवडाभर सिलिंडरच्या बुडाशी तेलकट ओल येत राहिली. बाबांचं बोट तिथे जायच्या आत, सकाळीच मी ती फडक्याने पुसून टाकायचो. तिथून हवा आत जातेय, इंजिन जास्त तापतंय, हे मला कळत होतं. कळत नव्हतं म्हणायची सोय नाही.

एका रविवारी धारवरून मांडूच्या घाटाला लागलो. गाडी खरंच तिसऱ्यावर चढली. बाबा मागून माझ्या पाठीवर थापा मारत होते. मग पिस्टन जाम झाला आणि मागचं चाक जागच्या जागी अडकलं. मला नुसतं खरचटलं. बाबांचं खुब्याचं हाड मोडलं.

शेजारचे काका बघायला आले. "ऐसा कैसे हो गया, भिया?"

"चेक तो मैंने ही किया था," बाबा म्हणाले. "नजर धोखा दे गई. लड़के की कोई गलती नहीं."

मी समोरच होतो. मूग गिळून बसलो. अजून बसलोच आहे, लाज वाटते.

नंतर त्यांनी कानशी वाटून टाकल्या. हाका यायच्या थांबल्या. परवा त्यांच्या वॉकरचा स्क्रू ढिला झाला. त्यांनी तो चाचपून आवळला, पुन्हा चाचपला आणि मला हाक मारली.

"तू बघ रे एकदा. माझ्या हाताचा आता भरवसा नाही."

मी पाहिलं. पक्का आवळला होता.

"ठीक आहे, बाबा," मी एवढंच म्हणालो.