शेवटच्या रांगेतले दलबार मास्तर

एव्हारिस्त दलबार अठरा वर्षं पॅरिसच्या नाटकगृहांत व्हायोलिन वाजवून आमच्या रूबे या गिरण्यांच्या गावी परत आले, ते आईच्या आजारपणासाठी. आई गेली, मास्तर राहिले. गिरणी कामगारांच्या वाद्यवृंदाला तेव्हा प्रमुख नव्हता. मास्तरांनी ताल देण्याची छडी हातात घेतली, ती तेवीस वर्षं खाली ठेवली नाही.

मी गिरणीत लोकरी कापडातल्या गाठी काढायचे. तिसाव्या वर्षी मला व्हायोलिन शिकायचंय म्हटल्यावर बायका हसल्या. मास्तरांनी माझी बोटं बघितली आणि म्हणाले, न बघता गाठ शोधणाऱ्या बोटांना सूरही सापडेल. चार वर्षं दर रविवारी त्यांनी शिकवलं. त्याबद्दल घ्यायचे काय, तर कपभर चिकोरीची कॉफी.

मग मला वाद्यवृंदाच्या शेवटच्या रांगेत जागा दिली. पुढे त्यांना कमी ऐकू यायला लागलं. आम्हाला कळत होतं, पण कुणी बोलेना. चेलो वाजवणारा गास्पार मानेने ताल दाखवायचा आणि आम्ही त्याच्याकडे बघून सावरून घ्यायचो. एका तालमीनंतर मास्तरांनी मला थांबवलं.

"ओदिल, खरं सांग. आज बासऱ्या नीट वाजल्या?"

माझ्याच्याने खोटं बोलवेना. "नाही, मास्तर. दोनदा घसरल्या."

"असं किती दिवस चाललंय?"

"दोन वर्षं झाली."

"आणि दोन वर्षं तुम्ही मला सांभाळून घेताय?"

"तुम्ही आम्हाला वीस वर्षं सांभाळून घेतलंत की."

ते बाकावर बसले आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

पुढच्या मंगळवारी त्यांनी छडी गास्पारला दिली आणि आपलं व्हायोलिन घेऊन शेवटच्या रांगेत माझ्या शेजारी येऊन बसले. व्हायोलिन हनुवटीखाली धरलं की सूर हाडातून कळतो, म्हणाले, तेवढं मला पुरे. गास्पार संकोचला. निदान पुढची खुर्ची तरी घ्या म्हणून विनवू लागला.

"प्रमुख तू आहेस," मास्तर म्हणाले. "हात वर कर. लोक खोळंबलेत."

सहा वर्षं ते तिथेच बसले. त्यांच्या गजाकडे बघत मी तेव्हा जे शिकले, ते आधी कधीच शिकले नव्हते. आमच्या दोघांत स्वरलिपीची एकच वही असायची. पान तेच उलटायचे. एखादी अवघड जागा मला साधली, की समोर बघतच ते बुटाच्या टोकाने जमिनीवर हलकेच दोनदा ठोकायचे.