भिंतीकडे तोंड करून

माझी नोकरीच ऐकण्याची होती, असं मी आता चेष्टेनं सांगते. नवीन जालन्यात एका बियाण्याच्या कंपनीत मी फोनवर बसायचे. मे-जूनमध्ये दुकानदारांचे फोन सुरू झाले की पाणी प्यायला उठता यायचं नाही. कपाशीची पाकिटं कधी येणार, सोयाबीनची गाडी निघाली का, मागचं बियाणं उगवलं नाही म्हणून शेतकरी दुकानात ठाण मांडून बसलाय, त्याला काय सांगू. समोरचा नुसतं 'हॅलो' म्हणाला की मी त्याला नावानं हाक मारायचे. घनसावंगीचा कोण, मंठ्याचा कोण, सगळे आवाजावरून ओळखू यायचे. त्या गोष्टीचा मला तोरा होता आणि तो मी लपवत नसे.

मग खोकला लागला, वजन उतरलं, आणि गोळ्यांचा अख्खा कोर्स घेऊनही थुंकीत जंतू निघालेच. साध्या गोळ्यांना दाद न देणारा टीबी आहे, असं डॉक्टर म्हणाले. माझी मुलगी तेव्हा नुकती चालायला लागली होती. बोलणं अजून सुरू व्हायचं होतं. 'बा' आणि 'दे', एवढंच. पोरीला माझ्याजवळ ठेवायचं नाही, हे घरच्यांनी मला न विचारता ठरवलं, आणि बरोबरच ठरवलं. माझी आई जाफराबादहून आली. तिनं दारातूनच पोरीला कडेवर घेतलं.

"तू इकडची बिलकुल काळजी करू नको," ती म्हणाली. "बरी हो, मंग घेऊन येते हिला."

एसटी निघाली तेव्हा पोर खिडकीतून माझ्याकडे बघत होती. रडत नव्हती. मीही मागून चढणार आहे, असं तिला वाटलं असावं.

त्या काळी या आजाराला रोज इंजेक्शन असायचं. आता बहुतेकांचं नुसत्या गोळ्यांवर भागतं म्हणे. ते वाचून बरं वाटतं आणि जळफळाटही होतो. इंजेक्शनानं कान जाऊ शकतात, हे आम्हाला सुरुवातीलाच सांगितलं होतं. म्हणून तर एका मेडिकल कॉलेजची माणसं आमच्या दवाखान्यात यायची. इंजेक्शनवर असलेल्यांचे कान दर महिन्याला तपासायचे. कुणाचे कधी जायला लागतात, कुठल्या आवाजापासून जायला लागतात, ते टिपून ठेवायचं, असा त्यांचा अभ्यास होता. सही करताना मी म्हटलं, फुकट तपासणी होतेय, होऊ दे.

तपासणीच्या मॅडम पुण्याकडच्या होत्या, वयानं माझ्याएवढ्याच. बोलणं इतकं स्वच्छ की मी घरी त्यांची नक्कल करायचे. दवाखान्यात कपाटाएवढी एक खोली होती, आतून मऊ गाद्या लावलेली, समोर काच. आत मी, बाहेर त्या. कानाला हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं, कितीही हलका असो. काही आवाज घुमणारे, जाड. काही चढत चढत सुईसारखे बारीक.

काही महिन्यांनी ते बारीक आवाज यायचे थांबले. यायला हवे होते हे मला कळायचं, कारण मॅडम काचेतून माझ्या बोटाकडे बघत थांबायच्या. मग मी अंदाजानं दाबायला लागले. त्यांनी दार उघडलं.

"आत्ता मी आवाज दिलाच नव्हता," त्या म्हणाल्या. त्या रागावल्या नाहीत, तेच मला झोंबलं.

तिकडे रोज संध्याकाळी मी आईला फोन लावायचे आणि आई पोरीच्या तोंडाशी फोन धरायची. सुरुवातीला मला तिचं 'दे, दे' ऐकू यायचं. मग तुटक यायला लागलं. मग नुसती आईच यायची.

"अगं, धर ना तिच्या तोंडाला," मी ओरडायचे.

"धरला न्हाई तर काय! कव्हाची बडबड करून राह्यली. तुला येत न्हाई का?"

जाफराबादला रेंजच नसते, असं मी सगळ्यांना सांगायचे. आईला गच्चीवर जायला लावायचे. गुडघे दुखणारी बाई पोरीला कडेवर घेऊन जिना चढायची आणि मी इथून मोबाइल कंपनीला शिव्या घालायचे. रेंज चांगली होती. पोरगी बोलायला शिकत होती, आणि लहान मुलांचा आवाज बारीक असतो. माझ्या कानांतून आधी तोच गेला. सासऱ्यांचा आवाज मात्र शेवटपर्यंत खणखणीत येत राहिला. घरातला जो आवाज गेला तरी चालेल असं मला आधी वाटायचं, तो नेमका हाच होता.

डॉक्टरांनी आम्हा नवरा-बायकोला बोलावलं. इंजेक्शन आत्ता थांबवलं तर आजार उलटू शकतो, चालू ठेवलं तर कान आणखी जातील, डोस कमी करून बघू पण खात्री देत नाही, असं ते म्हणाले. नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं.

"तू सांग," तो म्हणाला.

लग्न झाल्यापासून पहिल्यांदा त्यानं मला काही ठरवायला सांगितलं, आणि ठरवायला हे दिलं.

"चालू ठेवा," मी म्हणाले. आई मेली तर तिच्या चांगल्या कानांचं पोरीला काय करायचंय. धीट वगैरे मी नव्हते. भेदरले होते, आणि दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून लोकांसमोर रडले.

आजार गेला. कानांत तळाशी थोडंसं उरलं: ट्रकची धडधड, दार आपटलेलं, पुरुषांचं बोलणं, तेही शब्दांवाचून. बाकी आत एक शिट्टी, कुकरची अर्धवट अडकून राहावी तशी, अजून वाजतेच आहे. फोनवर मी कशाला चालणार. कंपनीनं मला बियाण्यांच्या उगवणीच्या खोलीत बसवलं. ओल्या कागदात गुंडाळलेले दाणे उघडायचे, किती उगवले ते मोजायचं. तिथे कुणाशी बोलावं लागत नाही.

पोरगी परत आली तेव्हा ती पूर्ण वाक्यं बोलत होती. हे मला बसस्टँडवर कळलं, कारण तिचं तोंड थांबत नव्हतं आणि शेजारची माणसं हसत होती. मी पण हसले. काय बोलतेय ते मला काही उमगलं नाही.

आईनं तिला पढवून आणलं होतं. "मम्मीला ऐकू येत न्हाई, माय. तिच्याकडं तोंड करून सावकाश बोलायचं." बाकीचे सगळे माझ्याशी ओरडून बोलायचे. शेजारणी तर कानाशी तोंड आणायच्या; मला त्यांनी खाल्लेला लसूण तेवढा कळायचा. पोरीनं कधी ओरडून पाहिलं नाही. माझ्या हनुवटीला हात लावायची, तोंड स्वतःकडे वळवून घ्यायची आणि सांगायची. वर्ष-दोन वर्षांत मी तिचे ओठ असे वाचायला लागले, की तसे आजही दुसऱ्या कुणाचे येत नाहीत; बाकीच्यांचं थोडं ओठांवरून, थोडं लिहून घेऊन भागतं. शाळेतली भांडणं, डब्यातल्या भाजीबद्दलच्या तक्रारी, सगळं. आमचं दोघींचं काही अडत नव्हतं. फक्त तिचा आवाज कसा आहे ते मला ठाऊक नव्हतं. घोगरा की पातळ, माझ्यावर गेलाय की सासूबाईंवर. नवऱ्याला एकदा विचारलं.

"चांगलाय," तो म्हणाला. यापलीकडे त्याला सांगता आलं नाही, आणि मला आणखी विचारवलं नाही.

ती चौथीत गेली त्या वर्षी मॅडमचा मोबाइलवर निरोप आला. इंजेक्शनानं कान गेलेल्यांवर त्या आता नवीन अभ्यास करत होत्या, कानाच्या मशीनचा. साधं मशीन आवाज नुसता मोठा करतं. माझ्या कानाचा वरचा भाग मेलेला, तिथे मोठा करून काही मिळत नाही. हे मशीन बारीक आवाज खाली उतरवून देणार होतं, जिथे माझा कान अजून जिवंत होता तिथे. काही आठवडे साध्या पद्धतीनं घालायचं, काही आठवडे या नव्या. आत्ता कुठली चालू आहे ते मला सांगायचं नाही. सांगितलं की माणूस मनानंच ऐकायला लागतो, असं त्यांनी वहीवर लिहून दाखवलं.

"तुम्हाला मुख्य काय ऐकायचंय?" त्यांनी विचारलं. प्रत्येकाला विचारत होत्या.

"मुलीचा आवाज."

त्यांनी ते टिपून घेतलं. मी त्यांना म्हणाले, हे झालं तर बाकी काही आलं नाही तरी चालेल. मला खरंच तसं वाटत होतं.

पहिल्या आठवड्यांत फक्त गोंगाट वाढला. ट्रक आणि सासरे, दोन्ही आणखी मोठे झाले. मग मॅडमनी मशीनमध्ये बदल करून दिला आणि घरी जाताना ऑटोतच मला माझ्या बांगड्या ऐकू आल्या. बांगड्यांसारख्या नव्हत्या, कुणी पत्रा खरवडावा तशा होत्या, पण हात हलवला की यायच्या. घरी चमचा पडला, आला. फोडणी आली. चपला घासत चाललेलं आलं. संध्याकाळी शेजारच्या घरातून एका पोरीची बडबड यायला लागली. त्यांच्याकडे माझ्या मुलीच्या वयाची एक आहे. शब्द कळत नव्हते, सगळं जाडंभरडं, पण पोरीचा आवाज आहे हे कळत होतं. मी पोळ्या लाटता लाटता थांबले.

थोड्या वेळानं माझी मुलगी स्वयंपाकघरात आली. दप्तर टाकलं, हनुवटीला हात लावला आणि दिवसभराचं सांगायला लागली. तिचे ओठ हलत होते. आवाज आला नाही.

मी मशीन काढलं, पुसलं, पुन्हा घातलं. तिला म्हटलं, पुन्हा सांग. तिनं सांगितलं. काही नाही. दुसऱ्या दिवशी तेच, पुढच्या आठवड्यात तेच. शेजारची पोरगी मात्र रोज ऐकू येत होती. कधी पाढे म्हटल्यासारखी एका सुरात, कधी कुणाशी तरी हुज्जत घालताना. तिच्या आईचा मला मत्सर वाटायला लागला, आणि ती बाई जिन्यात भेटली तर मी तोंड फिरवायचे. घरात हे कुणालाच बोलले नाही. बोललं असतं तर सगळ्यांनी मिळून माझी समजूत काढली असती, आणि ती मला नको होती.

तपासणीला गेले. मॅडमनी प्रश्न समोर धरला: मुलीचा आवाज?

"नाही."

"थोडासुद्धा?"

"बिलकुल नाही. ठेवून घ्या तुमचं मशीन. जगातला सगळा कचरा आणून देतंय, तेवढं सोडून."

त्यांनी उत्तर नोंदवलं. मग बराच वेळ माझ्या कानांचा आलेख बघत बसल्या, आणि म्हणाल्या, पुढच्या वेळी मुलीला घेऊन या, तिचा आवाज मोजून बघू.

पुढच्या वेळी आम्ही तिघं गेलो. नवरा दारात उभा राहिला. मुलीला माझ्यासमोर बसवलं, मॅडम बाजूला, हातात आवाज मोजायचं छोटं यंत्र. मुलगी इकडेतिकडे बघून मला म्हणाली, इथे औषधाचा वास येतोय, घरी कधी जायचं. मॅडमनी यंत्राकडे पाहिलं. मग मुलीकडे पाहिलं. यंत्र मांडीवर ठेवून त्या माझ्याकडे वळल्या.

"ती आवाज काढत नाहीये," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"तुमच्याशी बोलताना नुसते ओठ हलवते. माझ्याशी बोलली मघाशी, छान बोलली."

मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर खरोखरचं आश्चर्य होतं, माझ्याबद्दलचं.

"तुमचं दोघींचं तसंच चालतं न्हाई का पयल्यापासून?" तो म्हणाला. "मला वाटलं, तुला माहिती हाय."

तिचं काय चुकलं? आली तेव्हा तीन वर्षांचं लेकरू. आवाज काढला काय, न काढला काय, मम्मीला सारखंच कळतं, हे तिनं स्वतःच शोधून काढलं होतं. जिथे लागत नाही तिथे कशाला खर्च करायचा. इतकी वर्षं मी तिच्या तोंडाकडे बघत होते आणि गळ्याकडे कधी पाहिलं नव्हतं.

मॅडमनी तिला समजावलं, आवाज काढून बोल. तिनं माझ्याकडे पाहिलं, तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं. मान लाल झाली, डोळ्यांत पाणी आलं. "येत नाही, मम्मी," ती म्हणाली, तेही ओठांनीच. मॅडमकडे वळली की येत होता. माझ्याकडे तोंड केलं की जात होता.

मग मॅडमनी तिची खुर्ची उलटी फिरवली. भिंतीकडे तोंड, माझ्याकडे पाठ. काहीही बोल, म्हणाल्या.

ती बोलली. मला आला. जाडाभरडा, खरवडल्यासारखा, थोडा घाईतला. आणि मी तो लगेच ओळखला, फोनवर 'हॅलो'वरून ओळखायचे तसा. शेजारच्या पोरीचा आवाज. इतके आठवडे भिंतीपलीकडून येतोय असं मला वाटत होतं, तो माझ्याच घरातल्या पुढच्या खोलीतून येत होता. आजोबांशी हुज्जत घालणारी, पाढे म्हणणारी माझीच होती.

ती बराच वेळ बोलली. काय बोलली ते मला कळलं नाही. ओठ दिसल्याशिवाय मला शब्द लागत नाहीत, आणि मशीन कितीही चांगलं असलं तरी ते आता लागणार नाहीत, असं मॅडमनी नंतर सांगितलं. मी त्यांना म्हणाले, मागचं उत्तर खोडा. दिलेलं उत्तर खोडता येत नाही, खाली शेरा लिहिते, असं त्या म्हणाल्या. म्हणजे त्यांच्या अभ्यासात माझ्यापुढे अजून 'नाही'च आहे.

मशीन माझ्याकडेच राहिलं. संध्याकाळी मी स्वयंपाक करत असले की मुलगी ओट्याजवळ येते, माझ्याकडे पाठ करून उभी राहते आणि मोठ्यानं बोलते, माझ्यासाठी. धडा असेल, कविता असेल, मनाचंही काही असेल. मी लाटणं थांबवून ऐकते. खरंच काही सांगायचं असलं, पोटात दुखतंय, शाळेत कुणी रडवलं, की ती वळते, हनुवटीला हात लावते, आणि आवाज बंद होतो.