टेकोडे आणि सासूबाईंचं जोडवं
टेकोडे, म्हणजे रानातली अळिंबी, चुलीवर शिजायला लागली की त्या मातकट वासाबरोबर मला घाटंजीजवळच्या आमच्या गावातली ती दुपार आठवते. त्या साली बोंडअळीनं कापूस खाल्ला होता आणि भाजीला टेकोडेच होते. दर रविवारी समाजमंदिरात ते ओळखायला शिकवणारी, सगळ्यांना खुली अशी शाळा भरायची आणि मी, घरातली नवी सून, तिथं जायची. त्या दिवशी सासूबाईंनी टोपलीभर टेकोडे आणले, त्यातले थोडे शिजत घातले, उकळत्या भांड्यात डब्यातलं जुनं चांदीचं जोडवं टाकलं आणि म्हणाल्या, "काळं पडलं नाई. जहर नाई यात." मी टोपलीत उरलेलं एक उलटं करून पाहिलं, तर छत्रीखालच्या पात्या हिरवट, शाळेत दाखवलेली विषाची खूण. "आत्याबाई, हे खाऊ नका, जहरी हायेत." "तू मले शिकवतं काय? चांदी खोटं बोलून राह्यली काय?" त्यांचा आवाज ऐकून गल्ली गोळा झाली. मी उकिरड्यावरचं, लेकरंही ज्याला हात लावत नाहीत असं विषारी टेकोडं आणलं आणि तेच जोडवं घालून सगळ्यांसमोर उकळलं. बाहेर काढलं, तर जोडवं लखलखीत! सासूबाईंनी आपलं भांडं उचललं आणि स्वतःच्या हातानं उकिरड्यावर पालथं केलं. पुढच्या रविवारी शाळेत त्या माझ्याआधी जाऊन बसल्या होत्या. मी शेजारी टेकताच त्यांनी माझा पाय ओढला आणि ते जोडवं बोटात चढवलं. "घाल. भांड्यात त्याचं काई काम नाई." आजही भाजी ढवळताना माझ्या पायात तेच असतं.