कोळशाचा खोकला

वेल्समधल्या कार्डिफहून गाडीने तासाभराच्या अंतरावर, डोंगरातल्या एका मेंढ्यांच्या शेताच्या कडेला आमचं स्टेशन आहे. स्टेशन म्हणजे खांबावर बसवलेलं एक नरसाळं, त्याखाली काळ्या वेष्टनातली बाटली आणि शेजारी हवेतला अमोनिया टिपणाऱ्या लहान लहान नळ्या. देशभर अशी ठिकाणं आहेत. पावसाबरोबर जमिनीवर काय काय उतरतं, ते आम्ही मोजतो. दर पंधरवड्याला मी जाऊन बाटली बदलते आणि नमुना लॅबला पाठवते. एरवी ऑफिसात बसून आकडे तपासते.

आई गेली, त्यानंतरच्या एप्रिलमध्ये मी बाबांना व्हिजिटर व्हिसावर इकडे आणलं. बाबांची सगळी नोकरी विदर्भातल्या एका औष्णिक वीजकेंद्रात गेली, तीही राखेच्या विभागात. चिमणीतून बाहेर पडण्याआधी राख अडवणारी यंत्रणा असते, ती सांभाळायचं त्यांचं काम. क्वार्टरच्या गॅलरीत वाळत घातलेले कपडे आई दोनदा झटकून आत आणायची. संध्याकाळी बाबा घरी आले की बूट काढता काढता विचारायचे, "आज जास्त पडली का?" शेजारच्या घरी पाहुणे आले का, असं विचारावं तितक्या सहज. निवृत्तीनंतर त्यांना दम लागायला लागला. जिना चढताना मध्येच थांबून ते भिंतीवरचं काहीतरी निरखल्यासारखं करायचे, म्हणजे थांबल्याचं कुणाला कळू नये.

कार्डिफला आल्यावर त्यांचा खोकला हळूहळू उतरला. माझी मुलगी इथेच जन्मलेली, तिचं मराठी तिच्या सोयीचं. एकदा नाश्त्याला ती म्हणाली, "आजोबा, तुझी खोकला कुठे गेली?"

"गेली बिचारी गावाला," बाबा म्हणाले. पुढे घरात खोकल्याला सगळे 'ती'च म्हणू लागले.

ते पहिल्यांदा माझ्याबरोबर स्टेशनवर आले, त्याच्या आधी दोन दिवस वाळवंटातली धूळ इथल्या ढगांत मिसळली होती. नरसाळ्याच्या कडेला तांबूस गाळ बसला होता. बाबांनी वाकून पाहिलं.

"ही कुठून आली?"

"आफ्रिकेतून, बाबा. सहारातून."

"हिला व्हिसा नाही लागला वाटते," ते म्हणाले.

मी हातमोजे घालून नळ्या बदलायला घेतल्या, तसे ते बघायला जवळ आले. माणसाच्या श्वासातही थोडा अमोनिया असतो, त्याने नमुना बिघडू शकतो. मी म्हटलं, "बाबा, जरा लांब उभे राहता का?" कारण सांगितलं तेव्हा त्यांनी मान हलवली, कुंपणापर्यंत मागे गेले आणि तोंडावर रुमाल धरून उभे राहिले. एवढ्या मोकळ्या डोंगरावर. मी घाईघाईने झाकणं लावली.

शेत एका सत्तरीच्या विधवा बाईंचं होतं. आम्ही पायवाटेने खाली येताना त्या फाटकाशी उभ्या होत्या. बाबा धापा टाकत होते. बाईंनी नमस्कार-चमत्काराच्या आधी त्यांचा श्वास ऐकला आणि एवढंच विचारलं, "कोळसा?"

"कोळसा," बाबा म्हणाले.

बाईंचा नवरा तरुणपणी खाणीत होता. खाण बंद झाल्यावर त्याने मेंढ्या घेतल्या, पण छातीत जे बसायचं ते आधीच बसलं होतं. त्या दिवसापासून मी वर काम करायची आणि बाबा बाईंच्या स्वयंपाकघरात बसायचे. बाबांचं इंग्रजी सरकारी पत्रव्यवहाराचं, बाईंचं वेल्श वळणाचं. पण मी खाली येईपर्यंत चहा झालेला असायचा, मनुका घातलेले वेल्श केक अर्धे संपलेले असायचे आणि दोघं काहीतरी सांगत असायचे. बाबा परतताना गाडीत म्हणायचे, "बाई चांगली आहे. तिला सगळं माहीत आहे."

जुलैमध्ये बाई मला फाटकाशी बाजूला घेऊन म्हणाल्या, "त्यांना परत पाठवू नकोस. हिवाळ्यात तर नाहीच."

मी व्हिसाचे नियम वाचले होते, तरी आम्ही लंडनजवळ क्रॉयडनला एका वकीलबाईंना भेटायला गेलो. तरुण मुलगी होती, आपल्याकडचीच वाटली. तिने बाबांना विचारलं, "अंकल, अंघोळ, जेवण, कपडे, सगळं स्वतःचं स्वतः करता?"

"सगळं करतो," बाबा ताठ बसून म्हणाले. "भाकरीही थापतो."

तिने माझ्याकडे पाहिलं. आई-वडिलांना कायमचं आणायचं, तर त्यांना रोजची कामंही दुसऱ्याने करून द्यावी लागतात आणि तशी सोय त्यांच्या देशात होऊच शकत नाही, हे सिद्ध करावं लागतं, असं तिने समजावलं. शिवाय व्हिजिटर व्हिसावर इथे असताना अर्जही करता येत नाही.

"इथे त्यांचा श्वास सुधारलाय," मी म्हटलं. "तिथली हवा..."

"तिथे डॉक्टर आहेत, असं व्हिसावाले म्हणतील," ती शांतपणे म्हणाली. तिचंही बरोबर होतं.

रेल्वे स्टेशनकडे परतताना ट्राममध्ये बाबांनी तिकीट खिशात नीट ठेवलं. मग म्हणाले, "काहून बेटा, भाकरीचं सांगायला नको होतं का?"

"काही फरक पडला नसता, बाबा."

"मग ठीक आहे," ते म्हणाले.

ते निघायच्या आठवड्यात ब्रिटनमधलं कोळशावर चालणारं शेवटचं वीजकेंद्र बंद झालं. संध्याकाळच्या बातम्यांत कंट्रोल रूममधली माणसं दाखवली. आमच्या ऑफिसात त्या दिवशी कुणीतरी केक आणला होता आणि मीही खाल्ला होता. बाबा सोफ्याच्या कडेला पुढे सरकून बघत होते. पडद्यावर पांढऱ्या केसांचा एक माणूस चष्मा पुसत होता.

"त्याला घरी गेल्यावर सुचणार नाही काही," बाबा म्हणाले. मग थोड्या वेळाने, "चांगलं केलं यांनी. चांगलंच केलं." पुढची बातमी लागली तरी ते तसेच बसून होते.

ऑक्टोबरमध्ये ते विदर्भात, वीजकेंद्राजवळच्या घरी परत गेले. आम्ही रोज व्हिडिओ कॉल करायचो. नोव्हेंबरपासून ते बोलता बोलता फोन म्यूट करायला लागले. पडद्यावर त्यांचे खांदे हलताना दिसायचे, आवाज नसायचा. मग आवाज सुरू करून म्हणायचे, "हां, काय म्हणत होतीस?" माझी मुलगी विचारायची, "आजोबा, ती परत आली?" ते म्हणायचे, "भेटायला आली आहे. जाईल."

जानेवारीत शेजारच्या काकूंचा फोन आला, की त्यांना दवाखान्यात ठेवलंय. मी मिळेल त्या विमानाने निघाले. मुंबईहून नागपूरचं विमान धुक्यामुळे उशिरा सुटलं. सगळे त्याला धुकं म्हणत होते. त्यात काय काय असतं हे मला माहीत होतं, आणि त्या माहितीचा तिथे कुणालाही काही उपयोग नव्हता.

मी पोचले तेव्हा बाबा शुद्धीवर होते. त्यांनी मला ओळखलं, मास्क जरा बाजूला केला आणि काहीतरी म्हणाले. दोन-तीनच शब्द. मला ऐकू आले नाहीत. पुन्हा म्हणा, असं सांगायचा धीर झाला नाही, कारण तेवढ्यानेच त्यांचा श्वास वर चढला होता. मी मास्क परत नीट बसवला आणि मान हलवली, समजल्यासारखी. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

फेब्रुवारीत कामावर आले. वार्षिक अहवालाचं काम चालू होतं. ग्रामीण भागातल्या पावसातलं, कोळशाच्या धुरातून येणारं गंधक वर्षानुवर्षं कमी होत आलंय, हे वाक्य मलाच लिहायचं होतं. ते खरं आहे. मी ते लिहिलं आणि बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन आले.

त्याच आठवड्यात स्टेशनवर गेले. बाटली बदलून खाली उतरले तेव्हा बाई फाटकाशी होत्या. माझ्या तोंडाकडे पाहून त्यांनी फाटक उघडलं. स्वयंपाकघरात बसल्यावर म्हणाल्या, "घरी होते की हॉस्पिटलमध्ये?"

"हॉस्पिटलमध्ये."

"माझा नवरा इथेच होता, खुर्चीत. त्याला आडवं पडता यायचं नाही." त्यांनी माझ्यापुढे कप सरकवला. "शेवटी काही बोलले?"

"बोलले. मला समजलं नाही."

बाईंनी स्वतःच्या कपात चहा ओतला. मग म्हणाल्या, "मलाही नव्हतं समजलं."

बाहेर पाऊस सुरू झाला होता. आम्ही चहा संपवला. पोस्ट बंद व्हायच्या आत नमुना टाकायचा होता, म्हणून मी उठले; त्यांनी उरलेले केक कागदात गुंडाळून मुलीसाठी दिले.