न विकलेलं झाड

मोहगावजवळच्या आमच्या बागेतली चांगली संत्री व्यापारी नेत असे. घरी खायला गळलेली, डागाळलेली तेवढी यायची. एकदा बाबांनी आईला गमतीनं विचारलं, "तुले लाख रुपये भेटले तं काय करशीन?"

"एक झाड विकू नाही देणार तुमाले. मोठमोठे संत्रे आपणच खाऊ."

"बस, एवढंच?" बाबा हसले.

गेल्या वर्षी आई गेली. तिनं कुणाला न सांगता काढलेल्या विम्याचे पैसे बाबांना मिळाले. यंदा त्यांनी विहिरीजवळचं एक झाड व्यापाऱ्याला दिलं नाही. फळं पिकल्यावर मी टोपली घेऊन गेलो, तर वरची मोठमोठी संत्री तशीच ठेवून बाबा त्याच झाडाखाली वाकून गळलेली संत्री वेचत होते. मीही खाली बसून वेचू लागलो.